गिटारच्या पाठीवरच्या सहा वाट्या

टेलिकास्टर गिटार उलटी करून पाहा. पुढून पिकअप, नॉब, स्विच यांची गर्दी असते; पाठ मात्र जवळजवळ कोरी. मान घट्ट धरणारी चार स्क्रूंची पट्टी आणि खाली एका ओळीत चमकणाऱ्या सहा टिकल्या, एवढंच. त्या टिकल्या म्हणजे लाकडात बसवलेल्या धातूच्या इवल्याशा वाट्या, फेरूल. तार पाठीकडून ओवतात. तिच्या टोकाचा मणी या वाटीत अडकतो आणि तार पावणेदोन इंच जाडीच्या लाकडातून आरपार जाऊन ब्रिजवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, निघते.

ही गिटार कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनची. लिओ फेंडर यांचं तिथे रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. त्यांना गिटार वाजवता येत नसे. पण कुठली वस्तू कुठे मोडते आणि ती उघडताना कारागिराचा जीव कसा मेटाकुटीला येतो, हे ते रोज पाहत. आधी डॉक कॉफमन यांच्या भागीदारीत त्यांनी मांडीवर ठेवून वाजवायच्या स्टील गिटारी काढल्या आणि 1946मध्ये स्वतःची कंपनी थाटली. 1950मध्ये त्यांची भरीव लाकडाची गिटार बाजारात आली: आधी एस्क्वायर, मग ब्रॉडकास्टर. ग्रेच कंपनीच्या ड्रमचं नाव जवळपास तेच निघाल्याने 1951मध्ये ब्रॉडकास्टरची टेलिकास्टर झाली.

फेंडर यांच्या गिटारीचं अंग म्हणजे सरळ फळीच. त्यामुळे तारा अडकवायला त्यांनी फळीलाच भोकं पाडली. अडचण एकच होती. सहा तारा सुरात लावल्या की मिळून चाळीस-पंचेचाळीस किलोंची ओढ लागते. नुसत्या लाकडात मणी हळूहळू रुतत जाणार आणि तारा बदलताना भोक खचत जाणार. म्हणून भोकाच्या तोंडाशी वाटी आली. तिला स्क्रू लागत नाही. तारेची ओढच तिला आत दाबून धरते. ब्रिजची पट्टीही तारांच्या दाबाने लाकडावर बसते, स्क्रूंवर सगळा भार येत नाही.

1958-59च्या सुमारास कंपनीने काही काळ तारा ब्रिजच्या मागच्या कडेतूनच ओवल्या. आरपार भोकं पाडण्याचं काम वाचलं, वाट्याही वाचल्या. पण लवकरच जुनी पद्धत परत आली. सुरुवातीच्या वाट्या लाकडाशी सपाट बसत. काठवाल्या वाट्या नंतरच्या. त्यांच्या काठाखाली भोकाची कड झाकली जाते.

वाट्या गंजल्या किंवा सैल झाल्या की बदलाव्या लागतात. नवी आणण्याआधी जुनीचा व्यास कॅलिपरने मोजावा, कारण इंची आणि मेट्रिक मापं सारखी नसतात: 5/16 इंच म्हणजे 7.94 मिमी, शेजारचं मेट्रिक माप 8 मिमी. जुनी वाटी पुढच्या भोकातून बारीक सळई घालून हलके ठोकली की निघते. हटून बसली असेल तर सोल्डरिंग आयर्नचं टोक तिला लावून ती थोडी तापवावी, म्हणजे चिकटलेलं लॅकर सैल पडतं. नवी बसवण्याआधी भोकाच्या आत साचलेलं लॅकर गोल कानशीने काढावं. हे राहिलं तर वाटी जाताना भोकाभोवतीचे पोपडे उडतात. मग लाकडी ठोकळा ठेवून क्लॅम्पने सावकाश दाबावं. हातोडी वापरू नये. सहाही वाट्या एका रेषेत आल्या की नाही, ते पट्टी लावून पाहावं.

आरपार तारांनी सूर जास्त टिकतो, असं बरेच वादक सांगतात. कान तेवढी मतं. वाटीचं खरं काम त्याहून साधं आहे: लाकडाची झीज ती स्वतःवर घेते. ती झिजली की बदलता येते, खचलेली फळी बदलता येत नाही.