विश्वस्तपद : चर्च ऑफ नॉर्थ इंडिया

विश्वस्त : चर्चच्या जमिनी, इमारती व निधी ज्यांच्या ताब्यात कायद्याने सोपवलेले असतात, पण ज्यांना त्यातले स्वतःसाठी काहीही घेता येत नाही, अशा मंडळाचा सदस्य. प्रस्तुत नोंद चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सी.एन.आय.) या प्रॉटेस्टंट मंडळीतील विश्वस्तपदापुरती आहे. या मंडळीत सिद्धांत, उपासना आणि कारभाराचे धोरण ठरवण्याचा अंतिम अधिकार सिनॉडकडे असतो. मॉडरेटर हे सिनॉडचे प्रमुख. मालमत्ता मात्र सिनॉडच्या नावे नसून वेगवेगळ्या ट्रस्ट असोसिएशनांच्या नावे असते. राष्ट्रीय पातळीवरील अशी संस्था म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ट्रस्ट असोसिएशन. सिनॉडने ठरवायचे आणि विश्वस्तांनी सांभाळायचे, अशी ही विभागणी आहे. ती न उमगलेला विश्वस्त कितीही भाविक असला, तरी त्याच्या हातून मंडळीचे नुकसान होऊ शकते.

पूर्वपीठिका. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ साली आणि अहमदनगरला १८३१ साली सुरू झाले. त्या काळापासून मिशनांनी घेतलेल्या जागा परदेशी संस्थांच्या किंवा त्यांच्या प्रतिनिधींच्या नावावर चढत गेल्या. चर्च, शाळा, दवाखाने, वसतिगृहे, दफनभूमी हे सारे त्यात आले. पुढे कारभार भारतीय मंडळींच्या हाती आला तसे मालकीहक्कही हलवणे भाग पडले. अँग्लिकन मंडळी १ मार्च १९३० रोजी चर्च ऑफ इंग्लंडपासून कायद्याने स्वतंत्र झाली. तिच्या मालमत्तेसाठी इंडियन चर्च ट्रस्टीज आणि धर्मप्रांतांच्या ट्रस्ट असोसिएशना होत्या. बॉम्बे डायोसिसन ट्रस्ट असोसिएशन ही त्यांपैकीच एक. १९२४ साली स्थापन झालेल्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियाची असोसिएशन वेगळी. अनेक ठिकाणी कंपनीचे रूप पत्करले गेले, त्याचे कारण व्यावहारिक आहे. विश्वस्त मरण पावतात, निवृत्त होतात, गाव सोडतात. कंपनी तशीच राहते आणि प्रत्येक वेळी खरेदीखत नव्याने करावे लागत नाही.

एकीकरण. उत्तर भारतातील चर्चच्या ऐक्याची बोलणी १९२९ साली लखनौला सुरू झाली आणि चार दशके चालली. अखेर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये अँग्लिकन, युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट असे सहा प्रवाह एकत्र आले. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिले. भारतीय ख्रिस्ती इतिहासातली ही मोठी आणि मनापासून घडलेली घटना होय. बाप्तिस्मा कोणत्या वयात द्यावा, यासारख्या प्रश्नावर पिढ्यानपिढ्या वेगळी मते बाळगणारी माणसे एका वेदीपाशी उभी राहिली. मात्र त्यांच्या जमिनींची कागदपत्रे त्याच दिवशी एक झाली नाहीत. विश्वस्तांचे खरे काम तिथून सुरू झाले.

न्यायनिर्णय. दक्षिण गुजरातेतील फर्स्ट डिस्ट्रिक्ट चर्च ऑफ द ब्रदरन ही संस्था सोसायटी म्हणूनही नोंदलेली होती आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणूनही. आपण या संस्थेचे वारस आहोत, तेव्हा तिची मालमत्ता आपल्याकडे यावी, असा सी.एन.आय.चा दावा होता. काही सभासदांना ऐक्यच मान्य नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितले, की मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ८० मुळे असा वाद दिवाणी न्यायालयात नेता येत नाही. तो धर्मादाय आयुक्तांच्या यंत्रणेपुढेच नेला पाहिजे. जुन्या मुंबई राज्याचा हा कायदा गुजरातेतही चालू राहिला, म्हणून हा निर्णय महाराष्ट्रातील मंडळींनाही थेट लागू पडतो. २०१३ मध्ये त्याच संस्थेसंबंधी दुसरा निर्णय आला. विलीनीकरणाचा ठराव संमत केला एवढ्याने मालमत्ता नव्या चर्चकडे जात नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. सोसायटी कायद्याच्या कलम १३ प्रमाणे तीन पंचमांश सभासदांच्या संमतीने रीतसर विसर्जन आणि विश्वस्त कायद्यातली प्रक्रिया, दोन्ही पार पडायला हवीत. या पदावर येणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या बैठकीआधी हे दोन निर्णय वाचावेत, इतके त्यांचे महत्त्व आहे. ऐक्य ज्या तळमळीने घडवले, त्याच तळमळीने कागद पुरे केले असते, तर भावकीत असतात तसे तंटे मंडळीत इतकी वर्षे रेंगाळले नसते.

कर्तव्ये. विश्वस्त म्हणजे ज्याच्या ठायी मालमत्ता एकट्याने किंवा इतरांसह निहित आहे तो, अशी १९५० च्या अधिनियमाची व्याख्या आहे. महाराष्ट्रात स्थावर मालमत्ता विकायची, अदलाबदल करायची किंवा बक्षीस द्यायची, तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमीन दहा वर्षांहून अधिक किंवा बिगरशेती जमीन व इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने द्यायची, तरी हीच अट. शहरांच्या ऐन मध्यावर असलेली मिशन कंपाउंडे आज बिल्डरांना हवी असतात, आणि पाळकांचे पगार थकलेले असताना समोर आलेला प्रस्ताव नाकारणे जड जाते. तरीही तो नाकारावा लागतो, कारण ती जागा आजच्या मंडळीची एकटीची नाही. ज्यांनी ती राखली त्यांचा आणि पुढे तिथे बाप्तिस्मा घेणाऱ्यांचाही तिच्यावर हक्क आहे. बिशपांचा शब्द विश्वासाच्या बाबतीत वजनदार असला, तरी विक्रीच्या कागदावर सही करणारा विश्वस्त स्वतः जबाबदार राहतो. आदरापोटी सही केली, हा बचाव कायदा मानत नाही.

बाकीची कामे रुक्ष वाटली तरी चुकवता येत नाहीत. हिशेब ठेवणे व त्यांचे लेखापरीक्षण करून घेणे, विश्वस्त बदलले की मुदतीत चेंज रिपोर्ट दाखल करणे, शेड्यूल वनचा उतारा आणि सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड यांतली नावे जुळतात का हे पाहणे, ही त्यांतली मुख्य. परदेशी देणग्यांचे नियम २०२० च्या दुरुस्तीनंतर कडक झाले. अशी रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावी लागते आणि प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे. सी.एन.आय.च्या सिनॉडिकल बोर्ड ऑफ सोशल सर्व्हिसची परदेशी देणग्यांसाठीची नोंदणी केंद्रीय गृह मंत्रालयाने २०२४ मध्ये रद्द केली.

मिशनने काढलेली प्रत्येक संस्था चर्चच्या विश्वस्तांकडे असतेच असे नाही. मुंबईचे विल्सन कॉलेज जॉन विल्सन एज्युकेशन सोसायटी चालवते. म्हणून कोणत्याही जागेचा निर्णय घेण्यापूर्वी ती नेमकी कोणाच्या नावे आणि कोणत्या हेतूने दिलेली आहे, हे मूळ दस्तात पाहावे लागते. एका हेतूसाठी मिळालेला निधी दुसऱ्या, कितीही चांगल्या कामासाठी परस्पर वळवणे हा विश्वासभंग ठरतो. पदाची मुदत संपल्यावरही त्या काळातल्या सह्यांची जबाबदारी संपत नाही. पायउतार होणाऱ्याने मूळ दस्त, बैठकांची इतिवृत्ते, चालू दाव्यांचे कागद आणि बँकेची अधिकारपत्रे नव्या विश्वस्तांच्या हाती देऊन तशी लेखी पोच घ्यायची असते.