विदर्भाचा पहिला रणजी करंडक

कोहमाऱ्याच्या चौकात उभे राहिले असता जो महामार्ग पश्चिमेस नागपुराकडे जातो, तोच पूर्वेस रायपुरावरून कलकत्त्यास पोहोचतो. डिसेंबर २०१७ मध्ये या मार्गाच्या पूर्वेकडील टोकास, ईडन गार्डनच्या मैदानावर, विदर्भाच्या क्रिकेटचे भवितव्य पाच दिवस तराजूत डोलत होते. या संघाने १९५७-५८ पासून विदर्भाच्या नावाने रणजी स्पर्धेत भाग घेतला. परंतु पुढील साठ वर्षांत एकदाही त्याची अंतिम सामन्यापर्यंत मजल गेली नव्हती.

नागपुरात गुण नव्हते असे नव्हे. भारताचा पहिला कसोटी कर्णधार सी. के. नायडू नागपुरातच जन्मला. मात्र १९२३ साली होळकरांच्या निमंत्रणावरून तो इंदुरास गेला, आणि पुढे चार वेळा रणजी करंडक जिंकणाऱ्या होळकर संघाचा तो प्राण झाला. गुणी माणसाने आश्रय शोधावा यात नवल ते काय?

म्हणूनच २०१७-१८ च्या विदर्भ संघावर ‘उसन्या माणसांचा संघ’ असा जो आक्षेप घेतला गेला, तो प्रस्तुत लेखकास पटत नाही. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित व फलंदाज वसीम जाफर मुंबईचे, गणेश सतीश कर्नाटकाचा, हे खरेच. पण होळकरांकडून इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टनसुद्धा खेळला होता! जाफराने तर त्या मोसमात मानधनही घेतले नाही. शिवाय कर्णधार फैज फजल नागपुरचाच होता व त्याने ९१२ धावा केल्या.

कलकत्त्यास उपान्त्य सामन्यात प्रतिपक्ष कर्नाटकच होता. पहिल्या डावात विदर्भ १८५, कर्नाटक ३०१. म्हणजे सामना जवळजवळ गेलाच. दुसऱ्या डावात विदर्भाने ३१३ धावा जमविल्या, त्यांत सर्वाधिक ८१ सतीशच्या, त्याही आपल्या जुन्या प्रांताविरुद्ध. कर्नाटकास १९८ धावा हव्या होत्या. अखेरच्या सकाळी ७ बाद १११ वरून विनयकुमार, मिथुन व श्रेयस गोपाल यांनी अशी झुंज दिली की विजय त्यांच्या हाताच्या अंतरावर आला. स्थापत्यशास्त्राचा पदवीधर रजनीश गुरबानी याने उरलेले तिन्ही बळी घेतले. कर्नाटक १९२, विदर्भ पाच धावांनी विजयी. डावात ६८ धावांत सात आणि सामन्यात बारा बळी! माझ्या मते करंडक खरा जिंकला गेला तो येथेच.

अंतिम सामना दिल्लीशी, इंदुरास, होळकरांच्या नावाच्या मैदानावर झाला. गुरबानीने पहिल्याच डावात लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन बळी टिपले. रणजीच्या अंतिम सामन्यात ही किमया त्यापूर्वी केवळ तामिळनाडूच्या कल्याणसुंदरमने, १९७२-७३ च्या मोसमात, केली होती. दिल्लीच्या २९५ धावांस विदर्भाने ५४७ धावांनी उत्तर दिले. त्यांत यष्टिरक्षक अक्षय वाडकरच्या १३३. १ जानेवारी २०१८ रोजी नऊ गडी राखून विजय मिळाला, आणि विजयी फटका जाफराच्या बॅटीतून निघाला. नायडू नागपुर सोडून जेथे गेला, तेथूनच करंडक नागपुरास आला.

पुढील वर्षी जामठ्याच्या मैदानावर सौराष्ट्रास ७८ धावांनी नमवून विदर्भाने तो राखला. तिसरा विजय २०२४-२५ मध्ये केरळाविरुद्ध, पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर मिळाला. त्या मोसमात हर्ष दुबेने ६९ बळींचा नवा उच्चांक केला. कर्णधार होता तोच अक्षय वाडकर.