नाणेफेक जिंकून विमानात बसला, पण... ३ फेब्रुवारी १९५९ च्या रात्री काय घडलं होतं?

३ फेब्रुवारी १९५९. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात एक छोटं विमान मक्याच्या शेतात कोसळलं. त्यात पायलटसह चौघे गेले. त्यातले तिघे त्या काळातले रॉक अँड रोलचे स्टार होते. बडी हॉली २२ वर्षांचा, जे. पी. रिचर्डसन उर्फ 'बिग बॉपर' २८ चा आणि 'ला बाम्बा' गाजवणारा रिची व्हॅलेन्स अवघा १७ वर्षांचा.

झालं असं की, 'विंटर डान्स पार्टी' नावाचा दौरा सुरू होता. २४ दिवसांत २४ शहरं. ऐन हिवाळ्यात बसचा हीटर सारखा बंद पडायचा. थंडी इतकी की हॉलीच्या ड्रमरचे पाय गारठून जायबंदी झाले आणि त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं.

२ फेब्रुवारीला क्लिअर लेकच्या 'सर्फ बॉलरूम'मध्ये कार्यक्रम झाला. पुढचा मुक्काम मिनेसोटातलं मूरहेड, जवळपास ६०० किलोमीटरवर. बसला वैतागलेल्या हॉलीने चार सीटचं विमान भाड्याने घेतलं. माणशी ३६ डॉलर. लवकर पोचायचं, झोप काढायची आणि कपडे धुऊन घ्यायचे, एवढाच विचार.

सीट खरं तर त्याच्या बँडमधल्या वेलन जेनिंग्स आणि टॉमी ऑलसप यांच्यासाठी होत्या. पण रिचर्डसन तापाने फणफणला होता, म्हणून जेनिंग्सने आपली जागा त्याला दिली. व्हॅलेन्स आणि ऑलसप यांच्यात नाणेफेक झाली. विमानाला घाबरणारा व्हॅलेन्स ती जिंकला.

निघताना हॉलीने जेनिंग्सला चिडवलं, तुमची बस गारठून बंद पडू दे. त्यानेही गमतीत उत्तर दिलं, तुमचं विमान पडू दे. जेनिंग्स पुढे कंट्री संगीतातला मोठा स्टार झाला, पण या एका वाक्याची बोच त्याच्या मनातून गेली नाही.

विमान पडलं कसं?

रात्री एकच्या सुमारास मेसन सिटीहून उड्डाण झालं आणि काही मिनिटांतच विमान कोसळलं. सकाळी विमानाचा मालकच शोधायला निघाला, तेव्हा अवशेष दिसले.

बाहेर मिट्ट काळोख आणि हलका बर्फ. अशा वेळी आकाश कुठे आणि जमीन कुठे, हे फक्त यंत्रं पाहून ओळखावं लागतं. २१ वर्षांचा पायलट रॉजर पीटरसन त्यासाठी पात्र नव्हता. शिवाय या विमानातलं विमानाचा कल दाखवणारं यंत्र त्याच्या सवयीच्या यंत्रापेक्षा उलट्या पद्धतीने दाखवायचं. खराब हवामानाचे इशारेही त्याच्यापर्यंत पोचले नव्हते. चौकशी अहवालात ही कारणं नोंदली गेली.

हॉलीच्या गरोदर पत्नीला ही बातमी टीव्हीवरून कळली. धक्क्याने तिचा गर्भपात झाला.

आणि मूरहेडचा कार्यक्रम? तो त्याच संध्याकाळी झाला. रिकाम्या जागी गायला स्थानिक पोरं उभी राहिली. त्यातला १५ वर्षांचा बॉबी व्ही पुढे स्वतः स्टार झाला.

हॉलीची कारकीर्द जेमतेम दोन वर्षांची. पण 'बीटल्स'ने आपलं नाव ठेवताना त्याच्या 'क्रिकेट्स' बँडपासूनच प्रेरणा घेतली. १९७१ मध्ये डॉन मॅक्लीनचं 'अमेरिकन पाय' आलं आणि हा दिवस संगीताचा मृत्युदिन म्हणून जगाच्या लक्षात राहिला.