फळीवरचे चाळीस दिवस

गेल्या महिन्यात शेजारच्या वहिनींचा फोन आला. त्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे, दिवसभर संगणकापुढे बसून काम. कंबरेतून कळ उठते ती थेट डाव्या पोटरीपर्यंत जाते. एमआरआय काढला, मणक्यातली गादी सरकली आहे असे निघाले. वहिनी म्हणाल्या, "बाई, तुम्हालाही हेच झालं होतं ना? किती दिवस झोपून होता?"

"चाळीस दिवस," मी म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ तिथेच बसून राहिले.

गोष्ट १९८६ च्या जून महिन्याची. शाळा सुरू व्हायच्या आधी वर्गातले बाक हलवत होते. खाली वाकून एक बाक उचलला आणि पाठीत काहीतरी तुटल्यासारखे झाले. घरी रिक्षातून आणले. एमआरआय हा शब्द तेव्हा ऐकलेलाही नव्हता. एक्स-रे काढला, त्यात हाडे दिसतात, गादी दिसत नाही. डॉक्टरांनी पाय सरळ ठेवून वर उचलून पाहिला, मी किंचाळले, आणि निदान झाले. सहा आठवडे लाकडी फळीवर उताणे पडायचे. पायाला पट्टा, पट्ट्याला दोरी, दोरीला पलंगाच्या कडेवरून लोंबणाऱ्या विटा. बेडपॅनसुद्धा अंथरुणातच. सासूबाई म्हणाल्या, "तू पड गप. मी करतो की सगळं." (आमच्या कोल्हापुरात बायकाही 'मी करतो' म्हणतात, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगून ठेवते!)

जुलैत गडहिंग्लजहून भावाचा निरोप आला, आण्णांचे काही खरे नाही, येऊन जा. कोल्हापूर ते गडहिंग्लज एसटीने दोन-अडीच तासांचा रस्ता. डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, एसटीत बसलात तर पाय कायमचा जाईल. मी गेले नाही. चौथ्या दिवशी आण्णा गेले. दहाव्याला, तेराव्यालाही मी फळीवरच होते, छताच्या तुळया मोजत.

हे त्या डॉक्टरांना नावे ठेवायला लिहीत नाही. भला माणूस होता, घरी येऊन तपासायचा आणि पैसे मागून घेत नसे. त्या काळच्या पुस्तकांत जे होते तेच त्यांनी सांगितले. पण मी आयुष्यभर इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर मनात एकच प्रश्न घोळत राहिला. पाठ धरलेल्या माणसाने पडून राहावे, हे मुळात कोणी ठरवले? आपल्याकडे तर तशी रीत नव्हती.

आपल्या वैद्यकात या दुखण्याला गृध्रसी म्हणतात. गृध्र म्हणजे गिधाड. रोगी वाकडा, लंगडत चालतो म्हणून हे नाव पडले असे सांगतात. कुल्ल्यापासून सुरू होऊन कंबर, पाठ, मांडी, गुडघा, पोटरी आणि पाऊल अशी वेदनेची वाट चरकाने ओळीने लिहून ठेवली आहे. आज न्यूरॉलॉजीचा प्रोफेसर फळ्यावर हीच वाट काढून दाखवील. सुश्रुताने तर पाय वर उचलायला अटकाव होतो ही खूणही नोंदवली आहे. माझा पाय उचलून माझ्या डॉक्टरांनी जी परीक्षा केली, ती युरोपात १८८० च्या सुमारास रूढ झाली आणि लासेग या फ्रेंच डॉक्टरांच्या नावाने ओळखली जाते. गंमत म्हणजे लासेग यांनी स्वतः ती लिहिलेलीच नाही, त्यांच्या फोर्स्ट नावाच्या विद्यार्थ्याने १८८१ मध्ये लिहिली, आणि त्याच्या एक वर्ष आधी लाझारेविच नावाच्या सर्बियन डॉक्टरने. नाव कोणाचे आणि काम कोणाचे, हा प्रकार इतिहासात नवा नाही.

मात्र याचा अर्थ प्राचीनांना सगळे ठाऊक होते असा कोणी काढू नये. त्यांना खूण ठाऊक होती, कारण ठाऊक नव्हते. वातप्रकोप म्हणून तेल, शेक, बस्ती, रक्त काढणे आणि डागणे हे उपाय सांगितले. तेच झिरपत झिरपत खेड्यापाड्यांत आले. माझ्या लहानपणी निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून फडक्यात बांधायचे आणि कंबर शेकायचे. रुईच्या पानाला तेल लावून शेकायचे. बिब्ब्याचा चटका द्यायचे, त्याचे काळे डाग म्हाताऱ्यांच्या पाठीवर मी पाहिले आहेत. वैदू यायचे, तुंबडी लावायचे. आणि उसण भरली की पायाळू माणसाला, म्हणजे पायांकडून जन्मलेल्याला, बोलावून आणायचे आणि त्याचा पाय पाठीला लावून घ्यायचे. आमच्या गल्लीत एक पायाळू मुलगा होता. बिचाऱ्याला अभ्यास सोडून दिवसाला दोन-तीन पाठींना पाय लावायला जावे लागे, वर एक लिमलेटची गोळी मिळायची.

या सगळ्यात एक गोष्ट नव्हती. दीड महिना पडून राहणे. कोण पडू देणार? जात्यावर बसणारी बाई, भांगलण करणारी बाई, गुऱ्हाळावर गुळाचे रवे उचलणारा गडी, बाजारात शंभर किलोचे पोते पाठीवर घेणारा हमाल, यांना कळ आली तर ते दोन दिवस कण्हत बसत आणि तिसऱ्या दिवशी वाकडे वाकडे कामाला लागत. शहाणपण म्हणून नव्हे हो, पोट होते म्हणून. काहींची पाठ त्यात जन्माची वाकडी झाली, हेही मी पाहिले आहे. त्यामुळे जुने ते सोने वगैरे मी म्हणणार नाही.

आता तालमीचे. कोल्हापूरचा माणूस पाठीबद्दल लिहितो आणि तालमीत डोकावत नाही, असे होणे नाही. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले, पेठापेठांत तालमी घुमू लागल्या. आमचे आण्णा शिकायला कोल्हापुरात होते तेव्हा तालमीत जात. हौद्यातल्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती कशी मळतात याचे वर्णन ते असे करीत, की ऐकणाऱ्याला भूक लागावी. पाठ लचकली की वस्ताद मालीश करवून घ्यायचे, पण खोलीवर जाऊन झोपू द्यायचे नाहीत. जोर बंद, कुस्ती बंद, पण हौद्याभोवती चालायचे, पोरांना पाणी द्यायचे. मी फळीवर असताना आण्णांचे एक अंतर्देशीय पत्र आले होते. त्यात त्यांनी हेच लिहिले होते, की डॉक्टरांना विचारून थोडी उठत-चालत जा. मी ते पत्र वाचून हसले होते. शिकलेल्या मुलीला खेड्यातले बाप काय सांगणार!

तालमीची दुसरी बाजूही सांगायला हवी. पाठीवर पाय देऊन, कमरेला झटका देऊन 'कट्' असा आवाज काढणारे लोक सगळीकडे असतात. नुसता स्नायू धरला असेल तर त्याने मोकळे वाटते. पण गादीच नसेवर आली असेल तर असा झटका महागात पडू शकतो. आमच्या नात्यातल्या एका तरण्या पोराच्या पायाचा अंगठा अशा झटक्यानंतर उचलेनासा झाला, तो पुढे वर्षभर पाय घासत चालला.

मग पडून राहण्याची रीत आली कुठून? शोधत गेले तर वाट इंग्लंडला पोचली. लिव्हरपूलमध्ये ह्यू ओवेन थॉमस (१८३४–१८९१) नावाचे डॉक्टर होते. त्यांचे घराणे वेल्समधले, पिढीजात हाडे बसवणाऱ्यांचे, म्हणजे आपल्याकडच्या हाडवैद्यांचेच म्हणा. थॉमस मात्र रीतसर शिकून डॉक्टर झाले. मोडलेले हाड आणि क्षयाने सडलेला सांधा यांना सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती हवी, असे त्यांचे ठाम मत. त्या रोगांपुरते ते बरोबरही होते. त्याआधी १८६३ मध्ये लंडनच्या जॉन हिल्टन यांचे विश्रांती आणि वेदना यांवरचे पुस्तक आले होते. या दोघांचा दरारा एवढा, की मोडलेल्या मांडीचा नियम हळूहळू दुखऱ्या पाठीलाही लागू झाला. तपासून कोणी पाहिले नाही.

पुढे १९३४ साली बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन शल्यविशारदांनी दाखवून दिले, की पायात जाणाऱ्या या कळेमागे पुष्कळदा मणक्यांमधली गादी असते. त्याआधी ऑपरेशनमध्ये तो तुकडा निघाला तर लोक त्याला गाठ समजत. खरे तर ही गादी 'सरकत' नाही, ती वरखाली मणक्यांना घट्ट चिकटलेली असते. पुरणपोळी लाटताना कड फाटून पुरण बाहेर यावे, तसा तिच्या आतला मऊ भाग बाहेर येतो आणि शेजारच्या नसेला डिवचतो. पण 'स्लिप डिस्क' हा शब्द एकदा रूढ झाला आणि माणसे घाबरली. सरकली आहे म्हणजे हललो तर आणखी सरकेल! शब्दाने माणसे अंथरुणाला खिळवली, असे मला भाषेची शिक्षिका म्हणूनही वाटते (मराठीचेही तास मी घेत असे).

शंका घेणारे होतेच. १९४७ मध्ये रिचर्ड ॲशर या इंग्रज डॉक्टरने अंथरुणात पडून राहण्याचे धोके सांगणारा खुसखुशीत लेख लिहिला. १९५६ मध्ये न्यूझीलंडमध्ये एक मजेदार प्रकार घडला. रॉबिन मॅकेन्झी नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे स्मिथ नावाचा रोगी आला. त्याला टेबलावर पालथे झोपायला सांगितले. टेबलाची डोक्याकडची बाजू आधीच्या रोग्यासाठी वर केलेली होती, ती तशीच राहून गेली. पाच-दहा मिनिटांनी मॅकेन्झी आत येऊन पाहतात तो हा माणूस कंबरेतून मागे वाकलेला, जवळजवळ भुजंगासनात! ते हादरले. रोगी म्हणाला, पायातली कळ गेली. त्यातून पुढे मॅकेन्झींची पद्धतच तयार झाली.

आणि आता ती तारीख. अमेरिकेत रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी पाठदुखीचे २०३ रोगी घेतले. काहींना दोन दिवस झोपायला सांगितले, काहींना सात. बरे होण्यात फरक पडला नाही, उलट दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे ४५ टक्क्यांनी कमी झाले. हे छापून आले ऑक्टोबर १९८६ मध्ये. मी जुलैअखेर फळीवरून उठले होते. पोटऱ्या काठीसारख्या झालेल्या, भिंत धरून न्हाणीघरापर्यंत जायला आठ दिवस शिकले.

त्या प्रयोगात नसेला धक्का पोचलेले रोगी नव्हते, म्हणून मी बरीच वर्षे स्वतःची समजूत घातली, की माझे दुखणे वेगळे होते. मग १९९९ मधला हॉलंडचा प्रयोग वाचनात आला. त्यात पायात कळ जाणारेच १८३ रोगी होते. निम्मे दोन आठवडे अंथरुणात, निम्मे आपापल्या घरी जमेल तसे हिंडते-फिरते. बारा आठवड्यांनी दोन्हीकडे ८७ टक्के सुधारलेले. विटांचे वजन लावण्याच्या उपायाचे तर काय सांगावे, २०१६ च्या ब्रिटिश सरकारी मार्गदर्शिकेत ताण देणे आणि पट्टा बांधणे दोन्ही करू नका असे स्पष्ट लिहिले आहे.

मी एसटीत बसले असते तर पाय गेला असता का? गादीचा तुकडा किती मोठा होता हे कोणी पाहिलेच नव्हते. बसून राहिल्याने गादीवरचा दाब उभे राहण्यापेक्षा वाढतो, हे स्वीडनच्या नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात सुई घालून मोजले होते. निपाणीच्या पुढचे तेव्हाचे खड्डेही मला आठवतात. कळ नक्की वाढली असती. पण मागच्या सीटवर आडवी पडून, संकेश्वरला उतरून चार पावले चालून, मी पोचले असते असे आता वाटते.

असो. वहिनींच्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी फोन केला. म्हटले, सगळ्यात आधी हे सांग, लघवी-शौचावरचा ताबा, बसायच्या जागेची संवेदना आणि पायातला जोर नीट आहे ना? यातले काहीही बिघडले तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचे, तिथे घरगुती उपाय नाही. ते सगळे ठीक होते. मग सांगितले, फार कळ असेल तर दिवस-दोन दिवस कुशीवर पड, गुडघ्यांमध्ये उशी घे. गरम पाण्याची पिशवी चालेल, निर्गुडीही चालेल, शेक तो शेकच. डॉक्टरांनी दिलेली गोळी घे आणि तिच्या जोरावर घरात दर तासाला पाच मिनिटे चाल. खुर्चीत एका बैठकीला अर्ध्या तासापेक्षा जास्त नको. खाली वाकून बादली उचलायची नाही, आणि सध्या सूर्यनमस्कारही नकोत, त्यांत पुढे वाकावे लागते. (औंधच्या महाराजांनी सूर्यनमस्कार घरोघर नेले, त्यांची क्षमा मागून!) पालथे पडून बरे वाटते का पाहा. कळ पोटरीतून वर कंबरेकडे सरकली तर चांगले लक्षण, खाली पावलाकडे गेली तर लगेच थांब आणि फिजिओला दाखव.

"पण आजी, रिपोर्टमध्ये दोन ठिकाणी गादी फुगली आहे," तो म्हणाला. मी त्याला १९९४ चा एक अभ्यास सांगितला. ज्यांची पाठ कधी दुखली नव्हती अशा ९८ जणांचा एमआरआय काढला, तर निम्म्याहून अधिकांच्या गाद्या कुठे ना कुठे फुगलेल्या निघाल्या. शिवाय बाहेर आलेला तुकडा पुष्कळदा शरीरच काही महिन्यांत शोषून टाकते, मोठा असेल तर अधिकच. सगळ्यांचे तसे होत नाही. काहींना ऑपरेशन लागते आणि त्यांनी ते करून घ्यावे.

तो आता तिसऱ्या आठवड्यात आहे. रोज दोनदा सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारतो म्हणे. या शनिवारी त्याच्या आजोबांना भेटायला कोल्हापूरला येऊ का, असे त्याने विचारले. पुण्याहून इथवर तीन वेळा थांबत, उतरून चालत ये, असे मी सांगितले आहे. आजोबा नव्वदीचे आहेत.