हरवलेल्या नकाशाची युद्धनौका

२९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याबाहेर ‘कॉन्स्टिट्यूशन’ या अमेरिकी फ्रिगेटने ‘जावा’ ही ब्रिटिश फ्रिगेट तोफांनी अक्षरशः सोलून काढली. ‘जावा’ मुंबईला निघाली होती. तिच्यावर मुंबईच्या फौजेचा नियोजित सेनापती जनरल थॉमस हिस्लॉप होता. पुढे डिसेंबर १८१७मध्ये महिदपूरला होळकरांच्या फौजेशी लढला, तो हाच. त्याच जहाजावर आणखी एक ऐवज होता: मुंबईच्या गोदीत बांधायच्या युद्धनौकांचे नकाशे. अमेरिकी खलाशांनी ‘जावा’चं सुकाणूचं चाक काढून आपल्या जहाजाला बसवलं, कारण त्यांचं स्वतःचं चाक लढाईत उडालं होतं, आणि मग ‘जावा’ पेटवून दिली. नकाशे मुंबईला पोचलेच नाहीत.

इकडे गोदीत कामाचा झपाटा होता. १७३६च्या सुमारास सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्याकडे जहाजबांधणीची सूत्रं होती आणि यावेळी मुख्य बांधणीकार होते जमशेटजी बोमनजी. १८१० साली डंकन गोदी पुरी झाली आणि त्याच वर्षी जमशेटजींनी ‘मिंडेन’ पाण्यात सोडली. ब्रिटिश आरमारासाठी मुंबईत बांधलेली ही पहिली ७४ तोफांची युद्धनौका. मे १८१३मध्ये तिच्यामागून ‘कॉर्नवॉलिस’ उतरली. पुढची होती ‘वेलस्ली’.

‘वेलस्ली’ बांधायची होती ‘ब्लॅक प्रिन्स’ नावाच्या नव्या आराखड्यावर. तो आराखडा निघाला होता कोपनहेगनला १८०७ साली पकडलेल्या ‘क्रिश्चन सातवा’ या डॅनिश जहाजाच्या रेषांवरून. तो नकाशा हाती नव्हता. गोदीने मग हाताशी होतं त्यावर काम भागवलं आणि ‘वेलस्ली’ ‘कॉर्नवॉलिस’च्याच रेषांवर बांधली. २४ फेब्रुवारी १८१५ रोजी ती पाण्यात गेली. कागदावर एका घराण्यात जन्मलेली ही नौका प्रत्यक्षात दुसऱ्याच घराण्याची निघाली.

हे कसं जमलं, हे समजायला त्या काळची रीत पाहावी लागते. लहान प्रमाणातला नकाशा मोठ्या जमिनीवर जहाजाच्या पुऱ्या मापात आखायचा. त्या रेषांवरून पातळ फळ्यांचे साचे कापायचे. मग ते साचे घेऊन लाकडाच्या ढिगात हिंडायचं आणि ज्या ओंडक्याचा नैसर्गिक बाक साच्याशी जुळेल तोच फासळीसाठी निवडायचा. एकदा एका जहाजाच्या रेषा अशा उतरवल्या की दुसऱ्या जहाजासाठी लंडनच्या कागदाची वाट पाहत बसायचं कारण नसे. लाकूड होतं मलबारचं सागवान. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे खाल्ले जातात, सागवानातलं तेल उलट त्यांना राखतं. ‘वेलस्ली’ सव्वाशे वर्षं तरंगत राहिली, त्यामागे हे एक कारण आहे.

मराठवाड्यातल्या हिंगोलीपासून मुंबईचा समुद्र रस्त्याने पाचशे किलोमीटरांहून दूर. तरीही या जहाजाच्या नावाचा धागा मराठवाड्यातूनच जातो. आर्थर वेलस्लीने शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेविरुद्ध २३ सप्टेंबर १८०३ रोजी आसईची लढाई जिंकली. आसई आजच्या जालना जिल्ह्यात. त्या युद्धात निजाम इंग्रजांच्या बाजूला होता आणि निजामाच्या पैशावर पोसलेल्या हैदराबाद कंटिंजंटची एक छावणी नंतर हिंगोलीला पडली. आसईचा हा विजेता पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला. मुंबईची सागवानी नौका त्याच्या घराण्याचं नाव घेऊन फिरली.

फिरली ती भरपूर. फेब्रुवारी १८३९मध्ये तिच्या तोफांनी मनोरा इथला किल्ला पाडला आणि कराची इंग्रजांच्या हाती गेली. तेव्हा तिच्यावर निशाण होतं रिअर अ‍ॅडमिरल मेटलंडचं. १८१५ साली ‘बेलेरोफॉन’वर नेपोलियनने शरणागती पत्करली, ती याच मेटलंडपुढे. १८३९च्या अखेरीस तो ‘वेलस्ली’वरच वारला. मुंबईच्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये त्याचं स्मारक आहे. पुढच्या वर्षी नौका चीनमध्ये अफूच्या युद्धात होती. आणि जिच्या रेषांवर ती बांधली गेली त्या ‘कॉर्नवॉलिस’वर २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह झाला.

१८६८पासून ‘वेलस्ली’ टेम्स नदीत ‘कॉर्नवॉल’ या नावाने पोरांची प्रशिक्षणनौका म्हणून उभी राहिली. सप्टेंबर १९४०मध्ये जर्मन विमानांच्या बाँबहल्ल्यात तिला जलसमाधी मिळाली. शिडाच्या काळातली ब्रिटिश युद्धनौका हवाई हल्ल्यात बुडाल्याचं हे एकच उदाहरण.

आता असं जहाज कुणाला प्लॅस्टिकमध्ये बांधायचं असेल तर? ज्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने नकाशे बुडवले ती अजून बॉस्टनला तरंगते आहे आणि रेवेल कंपनीचा तिचा १/९६ प्रमाणातला संच मॉडेलवाल्यांत प्रसिद्ध आहे. ‘वेलस्ली’साठी मात्र दुसऱ्याच खोक्यातून सुरुवात करावी लागते. फ्रान्सच्या हेलर कंपनीने ‘सुपर्ब’ आणि ‘ग्लोरिय’ या ७४ तोफांच्या फ्रेंच नौकांचे १/१५० प्रमाणातले संच काढले. ‘वेलस्ली’चा तोफांचा डेक साधारण १७६ फूट लांब. त्या प्रमाणात तो भरतो सुमारे ३६ सेंटीमीटर. म्हणजे हिंगोलीच्या घरातल्या अभ्यासाच्या टेबलावर मावेल एवढं जहाज.

या फ्रेंच संचातून ‘वेलस्ली’ घडवण्याची दुरुस्ती सुरू होते ती मोजपट्टीपासून. या प्रमाणात एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या जहाजाचे पंधरा सेंटीमीटर, त्यामुळे कानस दोनदा जास्त फिरली तर फळीची जाडी गेली म्हणून समजा. खालच्या डेकवर फ्रेंच आणि इंग्रज दोघांच्याही २८ तोफा, तिथे निभावतं. वरच्या डेकवर फ्रेंच जहाजाला ३०, ‘कॉर्नवॉलिस’च्या वर्गाला २८. दर बाजूला एक तोफ कमी झाली की नुसती खिडकी बुजवून भागत नाही. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी पूर्ण रांग भरायची, पुट्टी लावायची, वाळली की ओल्या पॉलिश पेपरने घासायची आणि खिडक्यांची जागा नव्याने आखून कापायची. त्यानंतर नाळेचा आणि मागच्या गॅलरीचा इंग्रजी घाट येतो. तो फ्रेंच भागांतून मिळत नाही, कोरावाच लागतो.

इथेच खरा चकवा आहे. युद्धनौकांच्या याद्यांत ‘वेलस्ली’ ‘ब्लॅक प्रिन्स’ वर्गात सापडते, कारण मागणी त्याच आराखड्याची होती. ती यादी प्रमाण मानून, नकाशा मिळवून कुणी काटेकोर सांगाडा घडवला तर प्रत्येक मिलिमीटर बरोबर येईल आणि जहाज मात्र दुसरंच होईल. बदली नकाशे पुढे मुंबईला आले आणि त्या आराखड्यावर फेब्रुवारी १८१७मध्ये ‘मेल्विल’ उतरली. काटेकोर मॉडेल मग तिचं ठरेल.

मुंबईचं दुसरं एक जहाज मॉडेलवाल्याला वेगळ्याच पेचात टाकतं. ‘त्रिंकोमाली’ या फ्रिगेटचे नकाशेही ‘जावा’वरच गेले. दुसरी प्रत येईस्तोवर बांधणी १८१६पर्यंत लांबली. पारशी रिवाजाप्रमाणे तिच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला गेला आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात सोडली गेली. ती आजही इंग्लंडच्या हार्टलपूलला जपलेली आहे, जाऊन मोजता येते. पण १८४०च्या दशकात तिच्या तोफा २६वर आणल्या गेल्या आणि मागचा भाग बदलला. टेप लावून घेतलेलं माप जमशेटजींच्या जहाजाचं की नंतरच्या दुरुस्तीचं, हे दर ठिकाणी ठरवावं लागतं.

‘वेलस्ली’चं मोजण्याजोगं फार उरलेलं नाही. १९४८मध्ये सांगाडा वर काढला, तेव्हा त्यातलं काही सागवान लंडनच्या रॉयल कोर्ट्‌स ऑफ जस्टिसच्या दुरुस्तीत वापरलं गेलं. नाळेवरचा पुतळा मात्र चॅटहॅम गोदीच्या मुख्य दरवाजाच्या आत उभा आहे. मॉडेलसाठी तेवढा एक भाग नकाशाविना, समोर पाहून कोरता येतो.