मोतद्दाराला सुट्टी नाही

घोड्यांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ. घोड्यांपाशी राबणाऱ्यांचा लिहिणारा विरळा. शाळेत मराठ्यांच्या घोडदळाचा धडा आला, की शिलेदार आणि बारगीर यांतला फरक मी मुलांना फळ्यावर लिहून देतो. पदरचा घोडा बाळगणारा तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. पण त्या घोड्याला खरारा करणारा, तोबरा बांधणारा मोतद्दार धड्यात ओळभरही येत नाही. शर्यतींच्या जगात तरी निराळे काय आहे? घोड्याचे नाव छापून येते, स्वाराचे येते, मालकाचे तर येतेच. लगाम धरून उभा असलेला मोतद्दार चित्रात असतो, पण चित्राखालच्या ओळीत नसतो.

२०२० साली कोरोनाची साथ आली, तेव्हा या माणसाचे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. शर्यतींचे माहेरघर इंग्लंड. म्हणून हकिगत तिथली सांगतो.

त्या वर्षी १० ते १३ मार्च या चार दिवसांत चेल्टनहॅमच्या जत्रेला मिळून अडीच लाखांच्या आसपास प्रेक्षक लोटले. आठवडा उलटतो न उलटतो तोच, १८ मार्चपासून देशभरच्या शर्यती बंद झाल्या. ग्रँड नॅशनल ही मोठी शर्यतही रद्द झाली आणि ४ एप्रिलला लोकांनी दूरचित्रवाणीवर संगणकाने रचलेली शर्यत पाहून हौस भागवली. त्या घोड्यांना दाणावैरण लागत नव्हती. खऱ्या घोड्यांना लागत होती, आणि गोम इथेच आहे.

गिरणीला कुलूप घातले की माग गप्प उभे राहतात. घोड्याचे तसे नाही. शर्यतीच्या घोड्याला भरपूर दाणा घालून नुसते बांधून ठेवले आणि मग एकदम पळवले, तर त्याचे स्नायू आखडतात. पूर्वी गाडीचे घोडे रविवारी विसावा घेऊन सोमवारी असेच आजारी पडत; म्हणून या दुखण्याला 'सोमवारचा आजार' असेच नाव पडले. तेव्हा टाळेबंदी असो की नसो, पहाटे पागा झाडायची, लीद काढायची, घोडे फिरवून आणायचे. न्यूमार्केट या एका गावात तीन हजारांवर शर्यतीचे घोडे असतात. त्यांना घरी बसायला कोण सांगणार? आणि माणसामाणसांत अंतर ठेवा म्हणणे सोपे. पण बुजऱ्या घोड्याला नाल ठोकताना नालबंद एकीकडे आणि मोतद्दार दुसरीकडे कसा राहील?

काम राहिले; मिळकतीचा एक झराच तेवढा आटला. तिथे बक्षिसाच्या रकमेतला लहानसा हिस्सा पागेतल्या नोकरांत वाटला जातो. शर्यत नाही तर बक्षीस नाही, बक्षीस नाही तर वाटणी नाही. अडथळ्यांच्या शर्यतींचे पुष्कळ घोडे लवकर कुरणात सोडले गेले आणि त्यांच्या माणसांना घरी बसवले. त्यांना सरकारकडून पगाराचे ८० टक्के, महिना २,५०० पौंडांच्या मर्यादेत, मिळत. मात्र तेवढ्या काळात धन्याकडे काम करायचे नाही, ही अट. जन्मभर पहाटे उठलेल्या माणसाला ती सुट्टी किती गोड लागली असेल, हे शेतावरच्या गड्याला विचारावे.

१ जूनला न्यूकॅसल येथे शर्यती पुन्हा सुरू झाल्या. आत येणाऱ्याच्या अंगाचा ताप मोजायचा, स्वारांच्या तोंडाला मुखपट्टी, आणि पहिल्या आठवड्यात एका शर्यतीत १२ घोड्यांहून अधिक नाहीत. १७८० साली सुरू झालेली एप्सम डर्बी ४ जुलैला निर्मनुष्य टेकडीसमोर धावली. 'सर्पंटाइन' जिंकला, पण ओरडायला गर्दीच नव्हती! गर्दी नसली तरी शर्यत होते, हे जपानने आधीच दाखवले होते. तिथे फेब्रुवारीअखेरपासून रिकाम्या प्रेक्षागारांपुढे शर्यती चालू राहिल्या आणि पैजा दुरून लागत राहिल्या. त्यामुळे पागेची चूल विझली नाही.

साथीने एक गोष्ट मात्र बरी केली. वजन उतरवण्यासाठी स्वार मैदानावरच्या गरम खोल्यांत बसून घाम गाळीत. संसर्गाच्या भयाने त्या बंद झाल्या, आणि २०२१ साली त्या पुन्हा न उघडण्याचा निर्णय झाला.

आपल्याकडचे चित्र याहून कठीण. १८८३ सालच्या महालक्ष्मीच्या मैदानावर २०२० मध्ये शर्यतींऐवजी कोरोनाच्या रुग्णांची सोय उभी राहिली. पण घोड्यांचे पोट मुंबईतही रोजचेच, आणि इथल्या मोतद्दाराला घरबसल्या ८० टक्के पगार देणारी सरकारी योजना नव्हती.

दसऱ्याला आपण घोड्याच्या गळ्यात झेंडूची माळ घालतो, वसुबारसेला गाईवासराला ओवाळतो. जनावराची कृतज्ञता आपल्या सणांत आहे. त्या जनावरापाशी साथीच्या दिवसांतही पहाटे हजर राहिलेल्या माणसाचे नाव विचारायला मात्र मुहूर्त लागत नाही.