फेरारी डेटोना : मूळ बाजारपेठेची निश्चिती

फेरारी ३६५ जीटीबी/४ ऊर्फ डेटोना ही इटालियन मोटार मुळात कोणत्या देशासाठी बांधली गेली, हे ठरविण्याची पद्धती. १९६८ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडलेल्या या मोटारीचे (पहा : पिनिनफरीना; फेरारी) पुढील दिवे प्रथम पारदर्शक आवरणाआड होते; अमेरिकी नियमांस ते अमान्य असल्याने १९७१ पासून उघडमीट होणारे दिवे आले, परंतु ते अन्य देशांतील मोटारींनाही मिळाल्यामुळे केवळ त्यांवरून निर्णय करणे धोक्याचे. बाजूंचे खूणदिवे अमेरिकेचे, तर उजवीकडील सुकाणूचक्र ब्रिटनादी देशांचे सूचक होय. मैलदर्शक वेगमापक मात्र दोन्हींकडे आढळतो. हे भाग मागाहून बदलता येत असल्याने सांगाड्याचा व एंजिनाचा क्रमांक कारखान्याच्या दप्तराशी ताडून पाहणे हाच भरवशाचा पुरावा, आणि संग्राहकांच्या बाजारातील किंमतही काही अंशी त्यावर अवलंबून असते (पहा : मोटारगाडी).